सुरीच्या धारेला आरशासारखी चकाकी हवीये – पुढचा दगड कुठला घेऊ आणि पट्टा कसला?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी, घरच्या घरी सुऱ्यांना धार लावणारे कोणी इथे असतील तर मदत हवीये. मालवणजवळ आमचा छोटा होमस्टे आहे, जेवण घरचंच, त्यामुळे रोज मासे आणि भाजी ढीगभर कापावी लागते. भाऊ बोटीवर आहे, त्याने जपानहून व्हीजी-१० नावाच्या कडक, सहजी न गंजणाऱ्या स्टीलची आठ इंची सुरी आणून दिली आणि सोबत किंग कंपनीचा १०००/६००० वाला जोडदगड, म्हणजे एका बाजूला १००० नंबर आणि दुसऱ्या बाजूला त्याहून बारीक ६०००. व्हिडिओ बघून बघून आता हात बऱ्यापैकी बसलाय, कागद सर्रकन कापला जातो, हातावरचे केस निघतात, ते सगळं ठीक. पण व्हिडिओतल्या लोकांच्या धारेत वरच्या पंख्याची पाती दिसतात हो, आणि माझ्या धारेवर ६००० नंतरसुद्धा नुसती दुधट चमक, त्यात मधे मधे ओरखडे.

तर आता ८००० घेऊ की डायरेक्ट १२०००? भाऊ परत तिकडे जातोय, शाप्टन या जपानी कंपनीचा मागवता येईल. आणि दगडानंतर शेवटची चकाकी द्यायला ज्यावर धार ओढतात तो पट्टा चामड्याचा करू की ते लोक बाल्सा लाकूड वापरतात तसा? त्यावर हिरवी पेस्ट की डायमंडवाली? आणि आमच्याकडे जून लागला की चपला, बेल्ट, पाकिटं सगळ्याला बुरशी धरते, तर चामड्याचा पट्टा टिकेल का हाही प्रश्न आहेच. घरात विळी आणि कोयती पण आहेत पण त्यांना आरसा करायचा नाहीये, एवढं वेड अजून लागलेलं नाही.

वस्तरेवाला_चिपळूण:
१२००० आत्ता अजिबात मागवू नका, पैसे जातील आणि ओरखडे तिथेच राहतील.

मी रोज वस्तऱ्याने दाढी करतो त्यामुळे या आरशाच्या मागे भरपूर फिरलोय. तुम्हाला जे ओरखडे दिसतायत ते ६००० ने पाडलेले नाहीतच, ते १००० चे उरलेले आहेत. १००० च्या दगडातला कण साधारण १४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ६००० चा २ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सातपट उडी झाली. एवढ्या बारीक कणाने आधीच्या खोल खाचा तळापर्यंत घासून काढायच्या तर भरपूर वेळ लागतो, आणि आपण काय करतो की वीसेक हात मारले, चमक दिसली, की थांबतो. मग उंचवटे गुळगुळीत आणि खाचा जशाच्या तशा. यावर तुम्ही १२००० फिरवलात तर त्या खाचा आणखी उठून दिसतील कारण आजूबाजूचं सगळं चकचकीत झालेलं असेल.

यावर एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक दगडावर ओरखड्यांची दिशा बदला. १००० वर सुरी अशी तिरकी धरा की रेघा डावीकडे झुकतील, ६००० वर उलट तिरकी धरा. मग सोनाराकडे असतं तसलं १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बघा, डावीकडे झुकलेली एक जरी रेघ शिल्लक असली तरी ६००० चं काम संपलेलं नाही. बल्बचा उजेड तिरका पडला पाहिजे, ट्यूबलाइटखाली काही कळत नाही.

आरसा का दिसतो तेही सांगतो म्हणजे नंबराची भानगड डोक्यात बसेल. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरच्या खाचा त्याहून बऱ्याच उथळ झाल्या की उजेड इकडेतिकडे विखुरत नाही, सरळ परत येतो, आणि तुमचा पंखा दिसतो. शाप्टनचं गणित सोपं आहे, १४७०० ला दगडाच्या नंबराने भागा, मायक्रॉन येतात. १२००० म्हणजे साधारण १.२. कण १.२ चा असला तरी खाच त्याच्या मानाने पुष्कळ उथळ पडते त्यामुळे १२००० वर आरसा येतो, आणि ६००० नंतर नीट केलेल्या पट्ट्यावरही येतो. म्हणून म्हणतो की आधी पट्टा करा, दगड नंतर बघू.

आणि बर, म्हणजे घासताना धारेच्या टोकाला दुमडून राहणारा धातूचा पातळ पदर, निघतोय का ते बघितलंत का? व्हीजी-१० चा बर चिवट असतो, एका बाजूचा दुसऱ्या बाजूला लोळतो पण तुटून पडत नाही. तो अंगावर ठेवून पॉलिश केलंत तर चकाकी येईल आणि दोन दिवसांत धार बसेल. १००० वरच शेवटचे काही हात एकदम हलके, सुरीच्या वजनाएवढ्याच दाबाने, एकदा ही बाजू एकदा ती बाजू असे मारा. बोटाला काही अडकेनासं झालं की मगच पुढे जा.

बांगड्याचा_तिखला:
आरसो करून दाखवतलस कोणाक, इसवणाक? 😄

मस्करी सोड, पण खरा सांगतंय. बांगड्याची साल नि टॉमॅटोची साल हेंका धारेक थोडे दात व्हयेत. एकदम गुळगुळीत धार वरून दाबलस तर कापता, पण ओढून कापूक गेलस तर सालीवरसून घसारता. आमच्या वाडीत एकान अशीच आरशासारखी सुरी केल्यान, दाढी व्हयत होती तेच्यान, पण टॉमॅटोचो रस्सो झालो पाटार. १००० वर धार काढ, पट्ट्यार दोन-चार हात मार, सकाळपासून रात्रीपर्यंत मासे काप. कोयतीक तर आमचो आजो न्हाणीच्या पायरेर घाशी, पाच मिनटात शहाळा तासूक तयार.

खाडीकाठ:
@बांगड्याचा_तिखला, हौसेला मोल नाही रे भावा, पण टॉमॅटोचं म्हणतोस ते मलाही थोडं जाणवलंय, ६००० नंतर पहिला टेकवताना सुरी क्षणभर सरकते.

@वस्तरेवाला_चिपळूण, बर बघतो. भिंग नाही पण मोबाईलचा कॅमेरा झूम करून आत्ताच बघितलं, तुमचं बरोबर आहे, टाचेकडच्या म्हणजे मुठीजवळच्या दोन इंचात १००० च्या रेघा स्पष्ट दिसतायत, टोकाकडे कमी. दुसरं असं की दगडाला मधे खोलगट वाटायला लागलंय, पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसतो. तो सपाट कशावर करायचा? आमच्या मागच्या पडवीत जांभ्याचे चिरे पडलेत, त्यावर घासला तर चालेल का?

लेथ_आणि_लोखंड:
जांभ्यावर नको!! जांभा भोकाभोकांचा असतो, सपाट नसतोच, आणि त्याचे लाल कण दगडात रुतून बसले की पुढे प्रत्येक वेळी सुरीवर एखादा मोठा ओरखडा फुकट मिळेल. ६००० ची बाजू तर त्याच्या जवळही नेऊ नका.

मी रत्नागिरीला एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे, आमच्याकडे सपाट करणे हेच काम. घरच्यासाठी काचेच्या दुकानातून ८ ते १० एमएम जाडीचा काचेचा तुकडा घ्या, कडा घासून घ्या त्याच्याकडूनच, त्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. दगडावर पेन्सिलने चौकटी आखा आणि घासत राहा, सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट. मग कडांचे कोपरे थोडे मारून घ्या नाहीतर सुरी अडकते. ६००० च्या बाजूला २२० नको, ४००-६०० घ्या आणि झाल्यावर ब्रशने भरपूर पाण्यात धुवा. रोजचंच काम असेल तर डायमंड प्लेट घेतलेली परवडते, नसेल तर पेपर पुरे. तुमच्या टाचेकडच्या रेघांचं कारण हेच असणार, दगड खोलगट असला की सुरी सगळीकडे सारखी टेकत नाही, मग टोक पॉलिश होतं आणि टाच राहते.

पेपरवरून आठवलं, बरेच जण म्हणतात की मी २००० च्या पेपरवर धार लावली म्हणजे १००० च्या जपानी दगडापेक्षा दुप्पट बारीक झाली. तसं नसतं. पी लिहिलेल्या पेपरचं माप वेगळं आणि जपानी दगडाचं माप वेगळं. पी २००० चा कण १० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे तो जपानी हजार-बाराशेच्या घरातच बसतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे मिळणाऱ्या पेपरवर आरसा करायचा तर त्यापुढे पेस्टच लागणार.

कोनाचंही एक सांगतो. सुरीची रुंदी मोजा, समजा ४५ एमएम आहे, १५ अंशाचा कोन पाहिजे तर पाठ दगडापासून ११.६ एमएम वर राहिली पाहिजे, सरळ ४५ गुणिले साइन १५. तेवढ्या जाडीचा लाकडाचा तुकडा कापून बाजूला ठेवा, दर थोड्या वेळाने पाठीखाली लावून बघा. कोन हलला की धारेची पट्टी, म्हणजे दगडाने घासलेला उतरता भाग, गोलसर होते, आणि गोल पट्टीवर आरसा आला तरी प्रतिबिंब वेडंवाकडं दिसतं. धारेला मार्करने रंगवून दोन हात मारले की शाई कुठली गेली त्यावरून लगेच समजतं.

आता पट्टा. माझं मत इथे वस्तरेवाल्यांपेक्षा वेगळं असेल. मऊ चामडं दाबलं की धारेभोवती वर येतं आणि नेमकं टोक गोल करतं. वस्तरा अख्खा सपाट ठेवतात, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, त्याला ते चालतं. सुरी कोनात धरायची आहे. त्यामुळे पट्टा खालून कडक पाहिजे, पातळ चामडं सपाट लाकडावर चिकटवलेलं किंवा नुसतं लाकूड. एमडीएफ बरेच जण वापरतात, कोरड्या गावात उत्तम, पण आपल्या पावसात फुगतं आणि मग सपाटपणा गेला. पेस्ट डायमंडची घ्या, १ मायक्रॉन आणि मग पाहिजे तर ०.२५. थेंबभर पुरते. आणि एका पट्ट्यावर एकच नंबर.

वस्तरेवाला_चिपळूण:
चामड्याबद्दल अर्धवट पटलं. कोन थोडा कमी ठेवा, दाब नगण्य ठेवा, सुरी नेहमी पाठीकडे ओढा, शेवटी उचलताना मनगट वळवू नका, मग चामडं काही गोल करत नाही. गोल करतो तो दाब. पण नवशिक्याला लाकूडच सोपं हे खरं.

डायमंडचं मात्र व्हीजी-१० ला गरज नाही. त्यात कार्बन १ टक्का, क्रोमियम १५ आणि व्हॅनेडियम अगदी किंचित. जास्त व्हॅनेडियमच्या पावडर स्टीलना डायमंड लागतो कारण त्यातले कार्बाइड, म्हणजे स्टीलमधले कार्बनचे कडक कण, दगडातल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कडक असतात. तुमच्या सुरीला हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड चालतं, कण अर्ध्या मायक्रॉनच्या घरातला. आणि डायमंड इतका जोरात कापतो की खाचा बारीक पण कडक कडांच्या राहतात, हिरव्याची चमक जरा गोड असते, बघून कळतं.

लेथ_आणि_लोखंड:
हिरवी पेस्ट म्हणून बाजारात जी कांडी मिळते तिच्यात कित्येकदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं, कण मोठे, भांडी पॉलिश करणाऱ्यांसाठी केलेली असते ती. अर्धा मायक्रॉन वेष्टणावर. नुसती शुद्ध पावडर घेतली तर तुमचं म्हणणं मान्य.

वस्तरेवाला_चिपळूण:
हो, कांडी नकोच, पावडर घ्यायची आणि यंत्राच्या तेलाच्या दोन थेंबात कालवायची. यावर आपलं एकमत, गुलाल उधळा 🙂

वाडीकर:
पट्ट्याच्या लाकडाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून मी. बाल्सा कशाला शोधताय, पांगारा आहे की आपल्याकडे. कुंपणाला लावतात तोच, लाल फुलांचा. लाकूड हलकं आणि मऊ, रंध्रं सारखी, आमच्या सावंतवाडीत खेळण्यांसाठी जुने कारागीर हेच वापरत आलेत. चांगलं वाळलेलं पाहिजे फक्त, ओलं घेतलंत तर पिळवटतं. रंधा मारून, काचेवरच्या पेपरवर सपाट करून घ्या आणि पेस्ट बोटाने घासून आत मुरवा. मी माझ्या कोरीवकामाच्या पटाशांना असाच करतो, खराब झाला की वरचा थर पेपरने उडवायचा, नवा पट्टा तयार. बुरशीचा तसा त्रास नाही आणि झाला तरी रडायचं काही नाही, लाकडाचा तुकडा तो.

चामडंच हवं असेल तर घाट चढून कोल्हापूरला जो कोणी जाईल त्याला सांगा, चपलांचं चामडं आणायला. तिकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं मिळतं, कडक आणि घट्ट, पट्ट्याला तेच लागतं. पाकिटं, पर्सचं मऊ चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, ते दाबतं. चपलावाल्याकडे कातरणाचे लांबट तुकडे पडलेले असतात, त्यातलाच एक मागा. दोन-अडीच एमएमपेक्षा जाड नको. आणि पावसाळ्यात खोबरेल तेल चोपडू नका, सगळे तेच करतात, चिकट होतं, धूळ धरतं, वर बुरशीला खाऊ. कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, औषधांच्या बाटल्यांत येतात त्या जपून ठेवा. चुकून बुरशी आलीच तर उन्हात पुसून ब्रशने झाडायची, पण भर उन्हात तासन्‌तास नको, चामडं कडकतं.

दगडाचंही तेच. किंगची १००० ची बाजू पाण्यात ठेवायची बुडबुडे थांबेपर्यंत, ६००० वर नुसतं पाणी शिंपडलं तरी पुरतं. काम झालं की सावलीत उभा ठेवून वाळवा. आपल्याकडे पावसाळ्यात दगड चार-चार दिवस ओला राहतो आणि त्यालाही कुबट वास येतो, म्हणून पाण्यातच पडून देऊ नका. शाप्टन आणलात तर तो तर भिजवायचाच नाही.

वालाची_उसळ:
सगळे पुरुष मंडळी आरशावर बोलतायत, मी जरा स्वयंपाकघरातलं बोलते. भाऊ, तुमचा कापायचा पाट कसला आहे? ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या बोर्डवर कापत असाल तर १२००० काय आणि २०००० काय, संध्याकाळपर्यंत धार गेली. लाकडी पाट घ्या, किंवा तो जाड पांढरा प्लॅस्टिकचा असतो तो. आणि कापलेलं सुरीच्या धारेने पाटावरून खरवडून पातेल्यात ढकलायचं नाही, पाठ वापरायची, आमच्याकडे मदतीला येणाऱ्या पोरींना हे सांगून सांगून मी थकले.

व्हीजी-१० ने डोकं तोडायला किंवा काट्यावर मारायला जाऊ नका, धार कडक असते तेवढीच ठिसूळ, छोटे तुकडे उडतात. डोकं, कणा कोयतीने, नाहीतर विळीवर, आणि सुरी फक्त काप काढायला. माशाला मीठ लावलेल्या हाताने सुरी धरलीत तर लगेच धुवून पुसा, आमच्याकडची हवा आधीच खारी. व्हीजी-१० सहजी गंजत नाही पण कडेला ठिपके पडलेले मी पाहिलेत.

हो, आणि पट्ट्यावरून उतरवलेली सुरी साबणाने धुतल्याशिवाय जेवणाला लावायची नाही. तुमची ती हिरवी, काळी पेस्ट पापलेटावर नको. 🙏

खाडीकाठ:
ताई, पाट सागाचा आहे, पण खरवडायची सवय आहे हे कबूल, बायकोने हे वाचलं तर मला परत सांगायला तिला कारण मिळेल.

पांगारा घराच्या कुंपणालाच आहे हो, वाडीकर! मागच्या वादळात मोडलेली फांदी गोठ्यात वाळत पडलीये, मनगटाएवढी जाड असेल, बघतो पट्टी निघते का. टॉमॅटोसाठी आणि चकाकीसाठी एकच सुरी ठेवून कसं चालेल तेवढं सांगा कोणीतरी, कारण दुसरी घ्यायला बायको देणार नाही.

वस्तरेवाला_चिपळूण:
एकच सुरी असेल तर असं करा, आधी सगळी पट्टी ६००० आणि पांगाऱ्याच्या पट्ट्यावर पूर्ण पॉलिश करा, पंखा दिसेपर्यंत. मग १००० वर कोन दोन-तीन अंश वाढवून, एकदम हलक्या हाताने, प्रत्येक बाजूला दोन-तीनच हात मारा. अगदी टोकावर केसाएवढी पट्टी तयार होते, डोळ्याला दिसतही नाही, बाकी आरसा तसाच राहतो. टॉमॅटोला दात मिळाले, तुम्हाला पंखा मिळाला. धार उतरली की ती बारीक पट्टीच परत मारायची, सगळं पॉलिश पुन्हा करत बसायचं नाही.

बाजारातल्या मोटरच्या चाकावर मात्र ही सुरी देऊ नका कितीही घाई असली तरी. तिथे बफवर आरसा दोन मिनिटांत येतो, पण धार तापते, निळसर झाली की पाणी म्हणजे स्टीलचा कडकपणा उतरला समजा, आणि वर टोक गोल होऊन येतं ते वेगळंच.

बांगड्याचा_तिखला:
अरे मी पण तेच सांगी होतंय, १००० वर दोन हात. तुमी दोन पानां लिवलास. 😂

खाडीकाठ:
😂 बरोबर आहे तुझं.

शेवटचं एक. भाऊ पुढच्या आठवड्यात बंदराला लागतोय, त्याला एक दगड सांगायचाच आहे. आता १२००० नको हे कळलं. मधला घ्यायचा तर ३००० की ५०००?

लेथ_आणि_लोखंड:
५००० तुमच्या ६००० ला चिकटूनच आहे, त्याने खाचा काढायला तेवढाच वेळ जाईल. ३००० सांगा, किंवा २००० मिळाला तरी चालेल. ४ ते ७ मायक्रॉनच्या मधला कुठलाही, १४ आणि २ च्या मधे तोच बसतो. आणि त्याला सांगा की बॅगेत कपड्यांत गुंडाळून आण, मागे एकाचा दगड विमानतळावरून दोन तुकड्यांत आला होता.

खाडीकाठ:
३००० सांगितला. काचेचा तुकडा पण उद्या कुडाळला गेलो की आणतो, ८ एमएम मिळाला नाही तर ६ चालेल का?

लेथ_आणि_लोखंड:
६ चालेल, पण ओट्यावर सपाट ठेवा, खाली ओलं फडकं पसरा म्हणजे वाकणार नाही आणि सरकणारही नाही.